वाटेचें वर्णन आणि वाटसरूचा निर्णय

अपरिचित गांवीं गेलेला मनुष्य जे प्रश्न विचारतो त्यांत वाटेचा प्रश्न बहुधा पहिला असतो. "वाट कशी आहे?" हे तीन शब्द मनुष्य घराबाहेर पडूं लागला तेव्हांपासून विचारले जात असावेत, आणि त्यांचें उत्तरहि तेव्हांपासून बहुधा एकच चालत आलें आहे: "सोपी आहे," किंवा "अवघड आहे." उत्तर देणारा प्रामाणिक असतो, ऐकणारा विश्वासानें ऐकतो, आणि तरीहि पुष्कळदां फसगत होते. ती कां होते, आपल्या पूर्वजांनीं वाटांचीं वर्णनें कशीं केलीं, कोणासाठीं केलीं आणि त्यांत कोणाचा विचार राहून गेला, ह्याचा थोडा ऐतिहासिक शोध घ्यावा, हा ह्या लेखाचा हेतु आहे. विषय दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु एका लहानशा प्रसंगानें त्याचें गांभीर्य आमच्या ध्यानांत आणून दिलें. म्हणून प्रथम तो प्रसंगच सांगतों.

ज्या जिल्ह्याचें अहमदनगर हें नांव २०२४ सालीं बदलून अहिल्यानगर झालें, त्याच्या नगर तालुक्यांत, शहराच्या पश्चिमेस १५ ते १७ किलोमीटरांवर हिवरे बाजार हें गांव आहे. पर्जन्यछायेच्या प्रदेशांतील ह्या गांवानें पाणी अडवून आपला कायापालट कसा केला, हें महाराष्ट्रांत बहुतेकांस ठाऊक आहे. आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन दिवाळीनंतरच्या एका सकाळीं आम्ही तेथें गेलों. बरोबर आमचे एक ज्येष्ठ स्नेही होते. वय सत्तरीच्या पलीकडे गेलेलें. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. परंतु जिज्ञासा विद्यार्थ्यांहूनहि ताजी. डोंगरउतारावर खणलेले समतल चर एकदां जवळून पाहावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. गांवांतून निघतांना त्यांनीं विचारलें, "वाट कशी आहे हो?" आम्ही पूर्वीं एकदां ती चढून गेलों होतों. तेवढ्या बळावर आम्हीं बेलाशक सांगितलें, "अगदीं सोपी!"

वाट खरोखरच सोपी होती. पण ती आम्हांला. थोड्या चढानंतर पायांखालचा मुरूम सैल झाला, काठीचें टोंक ठरेना, आणि आमचे स्नेही एका दगडावर बसले. विद्यार्थी पुढें गेले होते. त्यांतील दोघे धांवत परत आले आणि त्यांना हात देऊं लागले, तेव्हां तर त्यांचा संकोच अधिकच वाढला. ज्यानें आयुष्यभर इतरांना वाट दाखविली, त्याला चारचौघांत असें उचलून नेण्याची वेळ यावी, ही गोष्ट गुडघ्याच्या दुखण्याहून अधिक बोंचते. कांहीं वेळानें ते शांतपणें म्हणाले, "तुम्हीं मला वाट सांगितली नाहीं, वाटेविषयींचें तुमचें मत सांगितलें. आणि तें मतहि तुमच्या गुडघ्यांचें!"

जवळच एक वृद्ध बाई विळ्यानें गवत कापीत होती. तिनें हा सारा प्रकार पाहिला असावा. ती म्हणाली, "बाबा, ह्या अंगानं नगा जाऊ. हितनं वरपत्तुर मुरूम हाय, पाय ठरत न्हाई. तिकडनं गाडीवाट हाय. लांब पडंल, पर बैल जातुया तिथनं. दोन चर वलांडलं की झाड हाय, खाली बसाया दगूड हाय. त्याच्या म्होरं मातुर समदी दगडंच. चढाया जमंल, उतराया तरास." आमच्या स्नेह्यांनीं क्षणभर विचार केला आणि सांगितलें, "झाडापर्यंत जाईन, पुढें नाहीं." ते गेले, झाडाखालीं बसले, चर डोळेभर पाहिले आणि स्वतःच्या पायांनीं खालीं उतरले. कोणीं त्यांना नेलें नाहीं आणि कोणीं त्यांना अडविलेंहि नाहीं.

आम्हीं एका शब्दांत निवाडा दिला होता. त्या बाईनें पांच-सहा वाक्यांत वस्तुस्थिति दिली. "सोपी" हा शब्द वाटेसंबंधीं कांहींच सांगत नाहीं. तो सांगणाऱ्याचें वय, संवय आणि पायांतील बळ सांगतो. उलट "मुरूम सैल आहे," "बैल जातो," "दोन चरांनंतर बसावयास जागा आहे," हीं वाक्यें कोणाच्याहि गुडघ्यावर अवलंबून नाहींत. तीं ऐकून तरुण एक निर्णय घेईल, म्हातारा दुसरा घेईल, कडेवर मूल असलेली स्त्री तिसरा घेईल. आणि तिघांचेहि निर्णय योग्य असतील.

वास्तविक मराठी भाषा ह्या बाबतींत मुळींच दरिद्री नाहीं. "पायवाट" म्हणतांच तेथें चाक चालणार नाहीं हें कळतें. "गाडीवाट" म्हणतांच दोन चाकोऱ्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. "पाणंद" म्हटली कीं दोन्ही बाजूंस शेतांचीं कुंपणें आणि पावसाळ्यांत घोट्याएवढा चिखल आलाच. सह्याद्रीकडे वळावें तर घाट निराळा, खिंड निराळी, नाळ निराळी. नाळ किंवा नळी म्हणजे दोन कड्यांच्या मधली अरुंद, दगडधोंड्यांनीं भरलेली घळ. आणि निसणी म्हणजे तर शिडीच. ज्या वाटेच्या नांवांतच निसणी आहे, तेथें हातांचेंहि काम पडणार, हें नांव ऐकतांच समजावें. गांवकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या चालून हे शब्द घडविले. त्यांतील प्रत्येक शब्द म्हणजे एक आटोपशीर वर्णन आहे. नागरी मनुष्य हे शब्द विसरला आणि त्याच्या हातीं "सोपी" व "अवघड" हीं दोन विशेषणें तेवढीं उरलीं.

आतां थोडें मागें जाऊं. सातवाहनांच्या काळीं प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण, येथून जुन्नरावरून नाणेघाटानें कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे व्यापार चालत असे. आजचा नगर जिल्हा ह्या दोन टोंकांच्या मधल्या प्रदेशांत येतो. आणि नगरहून कल्याणला जाणारी आजची सडकहि नाणेघाटाच्या शेजारच्या माळशेज घाटानेंच कोंकणांत उतरते. नाणेघाटाच्या माथ्याजवळ कोरलेलें लेणें, त्यांतील नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आणि वाटेवरचा दगडी रांजण हीं प्रसिद्धच आहेत. त्या रांजणांत जकात गोळा होत असे, असें परंपरा सांगते. त्या मोठ्या लेखांत यज्ञांचीं आणि दक्षिणांचीं मोजमापें आहेत. चढाचें मोजमाप नाहीं. तें वणजाऱ्याच्या डोक्यांत आणि त्याच्या बैलाच्या पायांत होतें. जो रोज चढतो त्याला लिहिलेलें वर्णन लागत नाहीं. जो प्रथमच येतो, किंवा ज्याची शक्ति इतरांसारखी नाहीं, त्यालाच तें लागतें. आणि लेख कोरविण्याची ऐपत बहुधा अशा मनुष्याजवळ नसते.

तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींनीं महाराष्ट्रभर पायीं संचार केला. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनीं संकलित केल्या आणि पुढें महानुभावांच्या "स्थानपोथी"त स्वामींच्या वास्तव्याच्या जागांची नोंद झाली. देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, बसण्याची जागा नेमकी कोठें, हें त्या पोथींत बारकाईनें सांगितलेलें असतें. मागून येणाऱ्या भक्ताला तें स्थान अचूक सांपडावें आणि तेथें नमस्कार घडावा, हा तिचा हेतु. मतापेक्षां वस्तुस्थिति सांगण्याची ही शिस्त मराठी गद्याच्या आरंभींच दिसते, ही गोष्ट आम्हांला अभिमानास्पद वाटते. मात्र तेथें प्रश्न जागेच्या ओळखीचा आहे. चालणाऱ्याच्या शक्तीचा नाहीं.

तो प्रश्न वारीनें सोडविला, आणि तोहि कागदावांचून. पुणें ते सासवड हा ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या वाटेवरील लांब टप्पा. त्यांतच दिवे घाटाचा चढ. पहिल्यांदां निघालेल्या वारकऱ्याला दिंडींतील जुनीं माणसें हें आधींच सांगून ठेवतात. विसावा कोठें, पाणी कोठें, मुक्काम कोठें, ऊन कोणत्या पट्ट्यांत लागतें, हें सारें ज्ञान तोंडोतोंडीं चालत आलेलें आहे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यांतूनच पुढें पंढरीस जाते. तिच्या वाटेवरच्या गांवांनाहि हें ज्ञान घरचें आहे. वारींत म्हातारीं असतात, लेंकुरवाळ्या असतात, अनवाणी चालणारे असतात. "सोपी" किंवा "अवघड" म्हणून तेथें भागत नाहीं. टप्पे आणि विसावे मोजूनच सांगावे लागतात. ह्याच जिल्ह्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनीं पुढें देशभर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधविल्या. पाणी आणि विसावा ह्यांवांचून वाट पुरी होत नाहीं, हें त्या जाणून होत्या, असेंच त्यांच्या कार्यावरून म्हणावें लागतें.

मराठी राजनीतींत ह्याच्या उलट बाजूचाहि विचार झालेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र सिद्ध झालें. त्यांतील दुर्गप्रकरणांत गडाची वाट सुगम नसावी, असल्यास ती मोडावी, वर झाडी वाढूं द्यावी, असा उपदेश आहे. येथें वाट कठीण करणें आणि तिची माहिती राखून ठेवणें हाच राज्याचा बचाव. वाटेचें ज्ञान ही सत्ता आहे, हें ज्यांनीं ओळखलें, त्यांनीं तें मोजक्याच हातांत ठेवलें. रायगडच्या हिरकणीची दंतकथा ह्याच सत्याची दुसरी बाजू सांगते. दरवाजे बंद झाले होते, कडा अनुल्लंघ्य समजला जात होता. परंतु घरीं तान्हें मूल असलेली ती गौळण तोच कडा उतरून गेली, आणि मग राजाला तेथें बुरूज बांधावा लागला. कथा खरी असो वा नसो, लोकांनीं ती जपली ह्याचें कारण स्पष्ट आहे. वाट कोणाला जमेल हें राजाला वरून ठरवितां येत नाहीं. तें चालणाऱ्याची गरज आणि धैर्यच ठरवितात.

इंग्रजांच्या काळीं वाटेच्या वर्णनाला प्रथमच व्यवस्थित लेखी रूप आलें. परंतु त्याचा जन्म तोफेच्या गाड्यावर झाला. १८०३ च्या ऑगस्टांत आर्थर वेलस्लीनें नगरचा भुईकोट किल्ला घेतला. अशा फौजेबरोबर तोफा असतात, दारूगोळ्याचे गाडे असतात, हजारों बैल असतात. सेनापतीचा प्रश्न असा कीं, ह्या वाटेनें तोफ जाईल काय? १८०४ सालीं बोरघाटाची वाट त्याच वेलस्लीनें तोफांसाठीं सुधारविली, आणि १८३० सालीं गव्हर्नर जॉन माल्कम ह्याच्या कारकीर्दींत तेथें गाड्यांचा रस्ता खुला झाला. ह्या दोन वर्षांच्या मध्यें, १८२६ सालीं, कॅप्टन जॉन क्लून्स ह्या लष्करी अधिकाऱ्यानें पश्चिम हिंदुस्थानांतील मार्गांची एक जंत्री प्रसिद्ध केली. गांवामागून गांव, त्यांमधील अंतरें, आड येणाऱ्या नद्या, अशी तिची मांडणी आहे. पुढें मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनीं हेंच काम अधिक विस्तारानें केलें. आमच्या नगर जिल्ह्याचा खंड १८८४ सालीं निघाला. हा घाट गाड्यांस योग्य, तो लादलेल्या बैलांस योग्य, अमका केवळ पायीं जाणारांस योग्य, अशी वर्गवारी त्या ग्रंथमालेंत जागोजागीं आढळते.

ह्या वर्गवारीचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. "गाड्यांस योग्य" हें मत नव्हे. गाडीची रुंदी ठरलेली, चाकाची गरज ठरलेली, बैलाच्या पाठीवरचें ओझें साधारण ठरलेलें. त्यामुळें शेंकडों मैलांवर बसलेला वाचकहि त्या वाक्यावरून आपला निर्णय करूं शके. परंतु तिची मर्यादाहि तितकीच उघड आहे. सरकारला सैन्य हालवावयाचें होतें, सारा गोळा करावयाचा होता, कापूस बंदरावर पोंचवावयाचा होता. म्हणून चाकासाठीं एक वर्ग झाला, पाठीसाठीं दुसरा झाला. आणि उरलेली सारी मनुष्यजात "पायीं जाणारे" ह्या तिसऱ्या वर्गांत कोंबली गेली. वीस वर्षांचा हमाल आणि सत्तर वर्षांची आजी, दोघेंहि पायींच जाणारीं! बैलाच्या चालीची चौकशी झाली. माणसांमाणसांच्या चालींतील फरकाची झाली नाहीं. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें नाहीं. ज्याला जें न्यावयाचें असतें, तेवढेंच तो मोजतो.

चालणाऱ्याला केंद्रस्थानीं ठेवून मोजण्याचा एक प्रयत्न १८९२ सालीं स्कॉटलंडांत झाला. विल्यम नेस्मिथ ह्या गिर्यारोहकानें एक साधा आडाखा सांगितला: दर ३ मैलांस एक तास धरावा आणि दर २,००० फूट चढास आणखी एक तास मिळवावा. म्हणजे केवळ लांबी सांगून भागत नाहीं, चढहि सांगावा लागतो, हें त्यानें सर्वांच्या गळीं उतरविलें. आमच्याकडे अजूनहि ही चूक होते. कळसूबाईचें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच, १,६४६ मीटर, हें शाळेंतील मुलालाहि पाठ असतें. पण ती उंची समुद्रसपाटीपासूनची. पायथ्याच्या बारी गांवांतून निघणाऱ्याला स्वतः किती चढावें लागेल, वाटेंतल्या उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या आहेत, त्या शिड्यांवर सुटीच्या दिवशीं गर्दी होते, ह्या गोष्टी त्या आकड्यांत कोठेंच नाहींत. आणि चालणाऱ्याला हव्या असतात त्या नेमक्या ह्याच.

विसाव्या शतकांत गडकोट पाहण्याची हौस मराठी मध्यमवर्गांत वाढली. वाटांचीं टिपणें निघालीं, पुस्तकें निघालीं, आणि "सोपी, मध्यम, कठीण" असे तीन वर्ग रूढ झाले. ह्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगडाचें उदाहरण घ्या. पाचनईहून एक वाट जाते, खिरेश्वराहून टोलारखिंडीनें दुसरी जाते, आणि कोंकणांतील बेलपाड्याकडून नळीची वाट चढते. पहिलीला सोपी म्हणतात, दुसरीला मध्यम, तिसरीला कठीण. ही क्रमवारी चुकीची नाहीं. परंतु ती कोणाच्या दृष्टीनें? सराव असलेल्या, धडधाकट तरुणाच्या. पाचनईची "सोपी" वाट डोंगर कधीं न चढलेल्या गृहिणीला दमवूं शकते. आणि टोलारखिंडीच्या वाटेवरचा कातळ चढायास ज्याला भय वाटत नाहीं, त्याला उतरतांना वाटूं शकतें. तीन खणांच्या ह्या पेटींत सर्व माणसें कशीं मावावीं?

ह्या कोड्याचा जो उलगडा अलीकडे अमेरिकेंत झाला, तो आम्हांला विशेष मननीय वाटतो. तेथील सरकारी मंडळानें २०१३ सालीं संघराज्याच्या भूमीवरील रानवाटांसंबंधीं नियम केले. नव्या किंवा सुधारलेल्या सुगम वाटेच्या तोंडाशीं जी पाटी लावावयाची, तिच्यावर पांच गोष्टी असाव्या असें त्यांत आहे: वाटेची लांबी, पृष्ठभाग कशाचा आहे, सामान्य रुंदी आणि कमींत कमी रुंदी, सामान्य चढ आणि जास्तींत जास्त चढ, आणि वाट एका अंगास किती कलते, त्याचेंहि सामान्य व सर्वाधिक प्रमाण. चढ कसा सांगावा? १२ हात पुढें गेल्यावर १ हात वर जावें लागलें, तर तो बारांस एक. चाकाच्या खुर्चींत बसणारास हा आकडा फार महत्त्वाचा. पण काठी टेकणारासहि तो उपयोगी आहे. पांच गोष्टींत सर्वाधिक चढ आणि सर्वांत अरुंद जागा मुद्दाम मागितली आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मनुष्य सरासरीवर अडत नाहीं; तो एका अवघड जागेवर अडतो. दोन कोस सपाट चालून शेवटीं एका पायरीशीं परतावें लागलें, तर ती वाट त्याच्यापुरती त्या पायरीएवढीच.

आपल्या देशांतहि सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ रोजीं सुरू झालें, आणि २०१६ सालीं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संमत झाला. अभियानाचा रोख मुख्यतः इमारती, वाहतूक आणि माहिती ह्यांवर आहे. तें योग्यच, परंतु माहितीचा हा हक्क डोंगराच्या पायथ्याशीं संपूं नये, असें आम्हांला वाटतें. सर्वच वाटा सुगम करणें शक्य नाहीं, इष्टहि नाहीं. नळीची वाट नळीचीच राहिली पाहिजे. मात्र ती कशी आहे हें आधीं कळणें, ह्यास कांहीं डोंगर फोडावा लागत नाहीं.

येथें आम्ही पुनः हिवरे बाजारकडे वळतों. कारण आमच्या प्रश्नाचें उत्तर त्या गांवानें दुसऱ्याच एका बाबतींत देऊन ठेविलें आहे. १९७२ च्या दुष्काळानें आणि पुढील वर्षांच्या दैन्यानें गांव खचलें. माणसें पोट भरण्यास बाहेर पडलीं. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, आणि श्रमदान व सरकारी योजना ह्यांची सांगड घालून डोंगरावर समतल चर, खालीं बांध आणि बंधारे झाले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गांवानें आपण होऊन पत्करली. ह्या कार्याबद्दल श्री. पवारांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. हा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. आम्हांला त्यांतील एकच गोष्ट येथें सांगावयाची आहे. गांवांत पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, आणि ग्रामसभेपुढें दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडतात. त्यावरून कोणतीं पिकें घ्यावीं हें ठरतें. "यंदा पाऊस बरा झाला" हें मत आहे. "यंदा इतके मिलिमीटर झाला, विहिरींत इतकें पाणी आहे" हें वर्णन आहे. मतावर भांडण होतें; वर्णनावर विचार होतो. तेथें निर्णय ग्रामसभेचा, येथें एकट्या वाटसरूचा. परंतु आधीं मोजावें, मग सर्वांसमोर मांडावें, आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोंपवावा, ही रीति दोन्हीकडे एकच.

समतल चर म्हणजे तरी काय? डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवर खणलेली रेघ. नकाशा काढणारा कागदावर जी समोच्च रेषा काढतो, तीच ह्या गांवानें कुदळीनें जमिनीवर काढली आहे. "दोन चर वलांडलं की झाड" असें त्या बाईनें सांगितलें, तेव्हां ती नकळत चढच मोजून सांगत होती. तिनें मोजपट्टी पाहिली असेल नसेल. पण रोजच्या पावलांनीं तिला माप शिकविलें होतें. उतरणें चढण्याहून कठीण, हेंहि तिला पक्कें ठाऊक होतें. आम्हां शिकल्यासवरलेल्यांना तें आठवलें नाहीं.

तेव्हां वाट सांगणाऱ्यानें काय सांगावें? आमच्या मतें, लांबी सांगावी आणि चढ सांगावा. पायाखालीं काय आहे तें सांगावें: माती, मुरूम, कातळ कीं सुटे दगड. सर्वांत अरुंद आणि सर्वांत उभी जागा कोठें, हें सांगावें. पाणी, सावली आणि बसण्याची जागा सांगावी. जेथून समाधानानें परततां येईल अशी एक तरी जागा सांगावी. कारण अर्ध्यावरून परतणें म्हणजे पराभव नव्हे, हें आधीं कळलें कीं मनुष्य धीरानें निघतो. आणि हें सारें कोणत्या महिन्यांत पाहिलें, तेंहि सांगावें. पावसाळ्यांतील शेवाळ, दिवाळीच्या सुमारास दगड झांकणारें गवत आणि वैशाखांतील सैल मुरूम ह्या तीन निरनिराळ्या वाटा आहेत, जरी पायाखालची जमीन एकच असली.

कोणी म्हणेल, इतकी मोजदाद करून डोंगरावर जाण्यांत काय मजा राहिली? आम्ही नम्रपणें विचारतों, मजा कोणाची? ज्याला अनिश्चिततेचा आनंद घ्यावयाचा आहे, त्यानें पाटी न वाचतां पुढें जावें. परंतु ज्याला एकेका पावलाचा हिशेब करावा लागतो, त्याच्या बाबतींत वर्णनाचा अभाव म्हणजे साहस नव्हे. ती बंदी आहे. असा मनुष्य अपमान होईल ह्या भीतीनें घरींच राहतो, आणि आपण समजतों कीं त्याला डोंगराची आवडच नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, मोजमापासाठीं यंत्रें कोठून आणावीं? पावलें मोजण्यास यंत्र लागत नाहीं. काठी आडवी धरून रुंदी कळते. गांवच्या शाळेंतील मुलें एका सकाळीं आपल्या टेकडीची वाट मोजून शाळेच्या भिंतीवर लिहूं शकतील, आणि भूगोलाचा तो धडा त्यांच्या जन्मभर ध्यानांत राहील.

परततांना गाडींत आमचे स्नेही प्रसन्न होते. आम्हीं क्षमा मागितली, ती त्यांनीं हंसून मोडून काढली. मग म्हणाले, "पुढच्या खेपेस पाचनईस नेणार असाल, तर आधीं एकटे जाऊन या. सोपी कीं अवघड, हें मला सांगूं नका. काय काय आहे तें सांगा. येणार कीं नाहीं, तें मी सांगेन."

आम्ही येत्या हिंवाळ्यांत वही घेऊन जाणार आहों.